ओरांडाच्या शेपटीजवळची गाठ: बुरशी, विषाणू, किडा की ट्यूमर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका घरात साधारण शंभर लिटरच्या टँकमध्ये तीन गोल्डफिश आहेत. त्यातल्या चारेक वर्षांच्या ओरांडाच्या, म्हणजे डोक्यावर टोपी असलेल्या जातीच्या माशाच्या, शेपटीच्या बुंध्याजवळ गणपतीच्या सुमारास बारीक पुळी दिसली. होळीपर्यंत तिची वाटाण्याएवढी गुलाबी गाठ झाली. दुकानदाराने बुरशी सांगून निळं औषध दिलं, दोनदा पूर्ण डोस झाला, फरक काहीच नाही. मासा खातो, पोहतो. बाकीच्या दोघांना लागण होईल का, आणि गाठ कापून काढता येते का?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. ही बुरशी नाही. सहा महिने एकाच जागी राहून सावकाश वाढणारी, गुळगुळीत आणि माशाच्या भुकेला धक्का न लावणारी गाठ बुरशीची असूच शकत नाही. वर्णनावरून ही त्वचेखालच्या तंतुमय ऊतीची किंवा मज्जातंतूच्या आवरणाची गाठ, म्हणजे ट्यूमर, असण्याची शक्यता सगळ्यात जास्त दिसते. वयस्कर गोल्डफिशमध्ये या दोन्ही प्रकारच्या गाठी नेहमी बघायला मिळतात. बाकीच्या दोघांना ती लागणार नाही. कापता येते, पण घरी नाही, आणि प्रत्येक वेळी कापावीच असंही नाही.

निळं औषध आजच थांबवा. ते मिथिलीन ब्लू आहे. औषध वाईट नाही, अंड्यांवरच्या बुरशीसाठी मीही वापरतो. पण फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू त्याने मरतात, म्हणून ते मुख्य टँकमध्ये कधीच टाकायचं नसतं. दोन डोसनंतर तुमच्या फिल्टरची काय अवस्था आहे ते अमोनियाच्या टेस्ट किटवर लगेच कळेल. आठवडाभर रोज पाव टँक पाणी बदला, क्लोरीन काढूनच घाला, खाणं अर्ध्यावर आणा आणि फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवा. निळा रंग चार-पाच दिवसांत उतरेल.

आता कारणांकडे येतो, कारण असेच प्रश्न वेगवेगळ्या माशांबद्दल येत राहतात आणि प्रत्येकाच्या हातात आधीच एक बाटली असते. लोक गाठीचा रंग सांगतात. मी पहिल्यांदा विचारतो, ती कधी दिसली आणि किती दिवसांत एवढी झाली. एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत उगवलेलं काहीही बहुधा जिवाणू, बुरशी किंवा परजीवी असतं, आणि तिथे औषधाची घाई करावी लागते. दोन-चार आठवड्यांत आलेलं विषाणूचं किंवा परजीवीच्या पुटकुळीचं असतं. तिथे बहुतेक वेळा औषध निरुपयोगी असतं आणि मासा आपोआप सावरतो. महिन्यांच्या हिशेबात वाढणारा ट्यूमर असतो. त्यावर पाण्यात टाकायचं कोणतंही औषध जगात नाही. गंमत अशी की दुकानातल्या बाटल्यांचा सर्वाधिक खप या शेवटच्या दोन प्रकारांवर होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गाठीची पातळी. माशाला पाण्यासकट पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात घ्या, खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा, समोरून नको. आडव्या उजेडात स्पष्ट दिसतं की ती गोष्ट खवल्यांच्या वर चिकटली आहे, त्वचेतच आहे, की खालून वर ढकलतेय. वर चिकटलेली असेल तर खवल्यांची रांग तिच्याखाली शाबूत दिसते. खालून येणारी गाठ खवले उचलते, पसरवते, पुढे पुढे ते गळूनही पडतात. डब्याच्या बाहेरून मोजपट्टी लावून फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. दर महिन्याला त्याच डब्यात, त्याच बाजूने फोटो काढला तर वाढ खरी आहे की मनाची, हा वाद मिटतो.

दिवसांत उगवणाऱ्यांपैकी दोन गोष्टींची गल्लत जीवघेणी ठरते. खरी बुरशी, म्हणजे सॅप्रोलेग्निया, जखमेवर धरते. तिचे तंतू लांब आणि मोकळे असतात, पाण्यात उभे राहून हलतात, आणि मासा बाहेर काढला की चिखलासारखे खाली बसतात. मीठ, पाणीबदल आणि वेगळ्या टबमध्ये मिथिलीन ब्लू एवढ्याने ती आटोक्यात येते. तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा पट्टा पडून जो आखूड, पिवळट-राखाडी थर येतो तो मात्र फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर या जिवाणूचा असतो. दिसतो कापसासारखाच, म्हणून दुकानात त्याला ‘तोंडाची बुरशी’ म्हणतात आणि बुरशीचं औषध देतात. गरम पाण्यात हा जिवाणू इतका जोर धरतो की मासा दोन दिवसांत जाऊ शकतो. इथे हिटर वाढवणं म्हणजे आगीत तेल. हिटर बंद करा, पाणी हळूहळू २४ अंशांच्या आसपास किंवा खाली आणा, एअर पंप वाढवा, लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ घाला आणि अँटिबायोटिकसाठी पशुवैद्य गाठा. माणसांच्या कॅप्सूल अंदाजाने फोडून टँकमध्ये टाकू नका. डोस चुकतो, फिल्टर मरतो आणि जिवाणू औषधाला सरावतात.

पांढरे ठिपके, म्हणजे इच, बहुतेकांना ओळखता येतात. ठिपका साधारण एक मिलिमीटरचा, सगळे जवळपास सारखे, आणि अंगभर. हा परजीवी माशाच्या त्वचेच्या आत बसलेला असतो. तिथे त्याच्यापर्यंत औषध पोहोचतच नाही. तो पिकून खाली पडतो, तळाशी त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पोहायला निघाली की तेवढ्यात औषध त्यांना गाठतं. म्हणून दोन दिवसांत ठिपके गेले तरी उपचार थांबवायचा नाही. २५ अंशांना हे चक्र आठवड्याच्या आत फिरतं, थंडीत खूप लांबतं. ३० अंशांच्या पुढे परजीवीचं फारसं चालत नाही, त्यामुळे इथे ऊब उपयोगी पडते. वर कॉलम्नेअरला ऊब घातक म्हटलं ते लक्षात असू द्या, निदानाशिवाय हिटरला हात लावू नये तो एवढ्यासाठी. ठिपके लहानमोठे असतील, त्वचेपासून उठून आलेले असतील, काही डोळ्यावर किंवा परांच्या काट्यांच्या टोकांवर असतील आणि खाली लाल चट्टा असेल, तर एपिस्टायलिसची शंका घ्या. घाण पाण्यात वाढणारा हा देठाचा सूक्ष्मजीव आहे. तो आला म्हणजे तळातला गाळ आणि जास्तीचं खाणं आधी उपसायचं, मिठाचा नंबर त्यानंतर.

काही ‘गाठी’ रोग नसतातच. नर गोल्डफिश वयात आला की कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काट्यावर पांढरे टोकदार दाणे येतात. ते ओळीत असतात आणि अंगावर पसरत नाहीत. थंडी सरताना असे दाणे दिसले की निम्मे लोक इचचं औषध ओततात. ओरांडाच्या डोक्यावरची टोपी वयानुसार वाढते, कधी डोळे झाकून टाकते, तिच्या कपारींत पांढरे ठिपके येतात. तेही तिच्याच वाढीचा भाग. फ्लॉवरहॉर्न माशाच्या डोक्यावरचा उंचवटा तर लोक मुद्दाम पैसे मोजून घेतात.

विषाणूंच्या गाठींपैकी लिम्फोसिस्टिस सगळ्यात जास्त दिसतो. परांच्या कडेला पांढरट, कधी गुलाबीसर, दाणेदार, खडबडीत पुंजके येतात. या विषाणूने त्वचेतली एकेक पेशी मूळ आकाराच्या हजारो पट फुगते, म्हणून भिंगाने पाहिलं तर प्रत्येक दाणा वेगळा दिसतो. ग्लासफिश, सिक्लिड, गुरामी आणि खाऱ्या पाण्यातले एंजल यांना तो होतो. गोल्डफिश आणि कोई यांच्या कुळाला तो सहसा होत नाही, त्यामुळे तुमच्या माशाच्या बाबतीत हे नाव यादीतून खोडता येतं. सुई टोचून रंग भरलेले ग्लासफिश बाजारात मिळतात त्यांच्यात हा विषाणू खास करून दिसतो, कारण तीच सुई एका माशातून दुसऱ्यात जाते. ते मासे विकत घेऊ नयेत, हे माझं स्पष्ट मत आहे. उपचार काही नाही. मासा वेगळा ठेवायचा, पाणी स्वच्छ ठेवायचं, आणि काही आठवड्यांत पुंजके गळून जातात. गर्दी, वाहतूक, मारामारी असा ताण पडला की पुन्हा येऊ शकतात. पर कात्रीने छाटणारे लोक मी पाहिलेत. त्याने विषाणू टँकभर पसरतो, बाकी काही साधत नाही.

कोईमध्ये वेगळा प्रकार असतो, कार्प पॉक्स. मेणबत्तीचं मेण ओघळून गोठावं तसे गुळगुळीत, दुधी ठिपके अंगावर आणि परांवर दिसतात. हा हर्पिस कुळातला विषाणू आहे, आणि युरोपच्या कार्प तळ्यांमध्ये तो सोळाव्या शतकापासून नोंदलेला आहे. कोई मारणाऱ्या कुप्रसिद्ध कोई हर्पिसशी त्याचं नातं आहे, पण हा प्रौढ माशाला मारत नाही. पाणी थंड झालं की उमटतो आणि वीस अंशांच्या वर गेलं की विरतो. नाशिक-पुण्याकडच्या उघड्या हौदांत डिसेंबर-जानेवारीत आलेले ठिपके मार्चमध्ये आपोआप जातात. फेब्रुवारीत जो कोणी जे काही औषध घालतो त्याला श्रेय मिळतं, आणि पुढच्या थंडीत तो ते दुसऱ्याला छातीठोकपणे सुचवतो.

आता अशा गोष्टीकडे वळतो जिथे उपचार खरोखर लागू पडतो आणि तरी हमखास चुकतो: अँकर वर्म, म्हणजे लर्निया. गोल्डफिशच्या अंगावर, बहुधा परांच्या बुडाशी, एक बारीक काडी बाहेर आलेली दिसते. लांबी अर्धा ते दीड सेंटीमीटर, टोकाशी दोन फाटे. फाटे म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, आणि काडी म्हणजे मादीचं शरीर. तिचं डोकं नांगरासारखं पसरून मांसात रुतलेलं असतं, भोवती लाल सूज येते, आणि सूज वाढली की काडी तुटून फक्त गाठ उरते. नावात वर्म असलं तरी हा जंत नाही, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला कवचधारी प्राणी आहे. म्हणूनच जंताची औषधं त्याच्यावर भरवशाची नाहीत, आणि कवच बनू न देणारी औषधं बरोबर काम करतात.

मासा ओल्या मऊ फडक्यात धरा, डोळे झाका, बोथट टोकाच्या चिमट्याने काडी अगदी त्वचेलगत पकडा आणि ती ज्या दिशेने आली आहे त्याच दिशेने सावकाश ओढा. झटका दिला तर डोकं आत राहतं आणि तिथे पू होतो. जखमेवर कापसाच्या बोळ्याने पोव्हिडोन आयोडीन टेकवा, कल्ल्यांत जाऊ देऊ नका. एवढ्यावर लोक थांबतात आणि तीन आठवड्यांनी पुन्हा काड्या दिसतात, कारण पाण्यात पिल्लं होतीच. त्यांच्यासाठी डायफ्लुबेन्झुरॉन हे कवच बनू न देणारं औषध लागतं. प्रमाण हजार लिटरला ३० ते ६० मिलिग्रॅम शुद्ध औषध. बाजारात २५ टक्क्यांची पावडर मिळते, आणि शंभर लिटरला लागणारी मात्रा घरच्या काट्यावर मोजताच येत नाही. म्हणून एक ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात घाला, बाटली नीट हलवून घ्या आणि त्यातलं १२ ते २४ मिलिलिटर पाणी शंभर लिटर टँकला द्या. पावडर विरघळत नाही, खाली बसते, म्हणून प्रत्येक वेळी हलवूनच मोजायचं. दर आठवड्याला पाणी बदलून परत, असं चार आठवडे. टँकमध्ये कोळंबी असेल तर ती आधी काढा, नाहीतर तीही मरेल. माशांच्या उवांवर, म्हणजे चपट्या, पारदर्शक, अंगावर सरकणाऱ्या आर्ग्युलसवर, हेच औषध चालतं. शेतीची ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं थेंबाथेंबाने टाकायची पद्धत काही मत्स्यपालकांत आहे. घरातल्या टँकमध्ये ती कृपया नको. मासा आणि हात घालणारा माणूस, दोघांनाही ते विष आहे.

त्वचेखालच्या पुटकुळ्यांचं जग मोठं आहे, थोडक्यात उरकतो. कल्ल्यांवर किंवा परांत पांढऱ्या, घट्ट, तिळाएवढ्या गाठी, आतून दुधासारखा द्रव, हे मिक्सोबोलस कुळाचं लक्षण. औषध नाही. या कुळातल्या कित्येक परजीवींना आयुष्याचा अर्धा भाग ट्युबिफेक्ससारख्या किड्यात काढावा लागतो. वुल्फ आणि मार्किव यांनी १९८४ मध्ये ट्राउटच्या एका रोगाबाबत हे दाखवून दिलं, तोवर मासा-किडा-मासा असं चक्र कुणाच्या ध्यानात नव्हतं. आपल्याकडे नाल्यातून काढलेले जिवंत ट्युबिफेक्स अजून पुड्यांत मिळतात. गोल्डफिशला त्यांची अजिबात गरज नसते. कोईच्या अंगावर आठवडाभरात उठलेला लालसर, गुळगुळीत फुगा, जो फुटून आतून पांढऱ्या दोऱ्यांचं वेटोळं बाहेर येतं, तो डर्मोसिस्टिडियम. फुटला की जखम स्वच्छ ठेवायची, ती भरते. गच्चीवरच्या उघड्या हौदात पिवळ्या किंवा काळ्या टिपक्या दिसल्या तर बगळा, ढोकरी, खंड्या येतात का ते बघा. चपट्या कृमीची पिल्लं गोगलगाईतून माशात आणि माशातून पक्ष्यात जातात. जाळी टाकली आणि गोगलगायी काढल्या की चक्र तुटतं. घरातल्या टँकमध्ये आणलेला असा मासा दुसऱ्याला काही देत नाही.

आता तुमच्या माशाकडे. ट्यूमर म्हटलं की लोक पाण्याला, खाण्याला, स्वतःला दोष देतात. काही बाबतींत कारण ठाऊक आहे. स्वोर्डटेल आणि प्लॅटी यांच्या संकरातून जन्मलेल्या काही पिल्लांना काळा मेलॅनोमा होतो. मायरन गॉर्डन आणि कुर्ट कोस्विग यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस स्वतंत्रपणे हे नोंदवलं, आणि १९८९ मध्ये त्यामागचं जनुक सापडलं. कर्करोग आनुवंशिक असू शकतो याचा हा अगदी सुरुवातीच्या पुराव्यांपैकी एक, आणि तो आपल्या टँकमधल्या चाळीस-पन्नास रुपयांच्या माशाने दिला. गोड्या पाण्यातल्या एंजलच्या ओठावर येणारी घट्ट गाठ, कल्ल्यांखाली गळ्यापाशी दोन्ही बाजूंनी फुगणारी लाल थायरॉइडची गाठ, हेही ठरलेले नमुने आहेत. थायरॉइडची मात्र एक चांगली बाजू आहे. ती बहुतेक वेळा आयोडीनच्या कमतरतेची वाढ असते, खरा ट्यूमर नसतो, आणि आयोडीन मिळालं की ओसरू शकते. गोल्डफिशच्या त्वचेवरच्या गाठींचं नेमकं एक कारण बोट ठेवून सांगता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात पैदास केलेले हे मासे आहेत आणि आपल्याकडे ते मोठ्या वयापर्यंत जगतात. तुम्ही पाणी बदलायला दोन दिवस उशीर केलात म्हणून ही गाठ आलेली नाही.

तरी दोन गोष्टी आधी नक्की करा. एक, तुटलेला अँकर वर्म. गाठीच्या माथ्यावर भोक किंवा बारीक काळपट टोक दिसतं का, टॉर्चने बघा. सहा महिन्यांची वाढ पाहता शक्यता कमी आहे, पण बघायला काही जात नाही. दुसरी, क्षयाच्या कुळातल्या जिवाणूची, म्हणजे मायकोबॅक्टेरियमची गाठ. त्यात मासा आतून झिजतो, पाठ बारीक होते, जखमा भरत नाहीत, आणि टँकमधले दुसरे मासेही एकेक करून खंगायला लागतात. तुमचा मासा गुबगुबीत आहे आणि बाकीचे दोघे ठणठणीत, म्हणून ही शंकाही मागे पडते.

मायकोबॅक्टेरियमबद्दल इथेच थांबून सांगतो, कारण माशाच्या गाठींपैकी माणसाला लागण्याची मुख्य भीती याचीच. मायकोबॅक्टेरियम मरिनम पहिल्यांदा फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांत १९२६ मध्ये ओळखला गेला. हातावर खरचटलेलं असताना टँक साफ केला तर दोन ते चार आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर एक न दुखणारी लाल-जांभळी गाठ येऊ शकते, कधी तिच्या रांगेत हातावर वर वर आणखी गाठी. ती एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलात तर ‘घरी माशांचा टँक आहे’ हे वाक्य पहिलं सांगा. हा जिवाणू ३० अंशांच्या आसपास नीट वाढतो, प्रयोगशाळेला ते माहीत नसेल तर नेहमीच्या ३७ अंशांवर ठेवलेली तपासणी कोरी येऊ शकते. गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. जखम असेल तेव्हा लांब हातमोजे घाला, आणि नळी तोंडाने ओढून पाणी काढायची सवय आजपासून सोडा.

शस्त्रक्रियेचं म्हणाल तर माशाला भूल देता येते, आणि गाठ काढता येते. भुलीचं औषध मिसळलेलं पाणी नळीने सतत कल्ल्यांवरून सोडतात, अंग ओलं ठेवतात, आणि हे सगळं काही मिनिटांत आटोपतात. त्वचेला माणसासारखा सैलपणा नसतो, त्यामुळे मोठी गाठ काढल्यावर कडा जुळत नाहीत आणि जखम उघडी ठेवून भरून यायची वाट बघावी लागते. म्हणून छोटी, देठ असलेली, पाठीच्या कण्यापासून, डोळ्यापासून, कल्ल्यांपासून दूर असलेली गाठ काढायला सोपी. शेपटीच्या बुंध्याशी कणा अगदी त्वचेलगत असतो. तुमची गाठ खाली रुंद पसरलेली असेल तर मी काढा म्हणणार नाही. देठ असेल, किंवा ती महिन्याला डोळ्यांदेखत वाढत असेल, वाळूवर घासून रक्त येत असेल, दुसरे मासे टोचत असतील, तर काढणं योग्य. मज्जातंतूच्या आवरणाच्या गाठी मुळासकट निघाल्या नाहीत तर परत येतात, आणि त्या मुळासकट निघणं अवघड असतं. हे आधी ठाऊक असलेलं बरं.

दोऱ्याने देठ आवळून गाठ ‘सुकवायची’, ब्लेडने उडवायची, हळद चोळायची, असे सल्ले मिळतील. हळदीने नुकसान फारसं नाही, गुणही नाही. पहिले दोन मात्र रक्तस्राव आणि संसर्ग यांचं आमंत्रण आहेत, आणि भूल न देता ते करणं क्रूरपणा आहे. लवंगतेलाने घरी भूल देऊन बघायचा मोहही टाळा. झोपेची मात्रा आणि मृत्यूची मात्रा यांत सराव नसलेल्या हाताला अंतर राखता येत नाही.

माशांवर शस्त्रक्रिया करणारे पशुवैद्य थोडे आहेत, पण विचारल्यावर सापडतात. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, आणि रत्नागिरीजवळ शिरगाव, नागपूर व उदगीर इथली मत्स्य महाविद्यालयं, इथून निदान कोणाला भेटावं एवढं तरी कळू शकतं. नाशिकहून मासा न्यायचा झाला तर आदल्या दिवशी खायला घालू नका, मोठ्या पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरून घ्या, पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवा. गाठ काढलीच तर ती फेकू देऊ नका. तिच्या दहापट दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवून पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा. आत्तापर्यंत मी जे काही म्हटलं ते वर्णनावरून केलेलं अनुमान आहे, नाव नक्की होतं ते सूक्ष्मदर्शकाखाली. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे वेगळ्या, वाळू नसलेल्या टबमध्ये लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ, पिकलेला (चालू टँकमध्ये राहून जिवाणू धरलेला) स्पंज फिल्टर आणि वारंवार पाणीबदल. खडे मीठ चालतं, आधी विरघळवून, दिवसभरात तीन हप्त्यांत घाला.

काढायची नाही असं ठरलं तरी करण्यासारखं बरंच आहे. गाठीला घासणारे दगड, टोकदार शोपीस काढून टाका. मासा मागे पडत असेल तर त्याला वेगळं, बुडणारं खाणं द्या. तीन गोल्डफिशना शंभर लिटर कमीच पडतात, जमलं तर टँक मोठा करा, त्याने गाठ जाणार नाही पण जखम झाली तर ती भरून यायला मदत होईल. गाठीवर पांढरे तंतू दिसले तर ती आता खरी बुरशी, जखमेवर धरलेली. त्या वेळी मासा टबमध्ये घेऊन मीठ आणि तुमच्याकडचं तेच निळं औषध उपयोगी पडेल. या अवस्थेत गोल्डफिश महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं बरा राहतो.

कधी थांबायचं, हेही विचारलं जातं, म्हणून सांगून टाकतो. मासा आठवडाभर खात नाही, तळाशी आडवा पडतो, गाठ सतत फुटून सडते, किंवा पोट फुगून खवले उभे राहिले आहेत, अशा वेळी त्याला शांतपणे जाऊ देणं योग्य. केमिस्टकडे मिळणारं शुद्ध लवंगतेल लिटरला दहा-बारा थेंब या प्रमाणात घ्या, बाटलीत थोड्या कोमट पाण्याबरोबर पांढरट होईपर्यंत जोरात हलवा, आणि टँकचंच पाणी भरलेल्या बादलीत ओता. मासा काही मिनिटांत झोपतो. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही अर्धा तास तसाच राहू द्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा नाही. गोल्डफिश थंडी सहन करणारा मासा आहे, त्याला तो मृत्यू फार लांबतो. नंतर कुंडीत किंवा अंगणात खोल पुरा. गोदावरीत किंवा कुठल्याही तळ्यात मासा सोडू नका, जिवंत तर नाहीच.

सध्या तुम्हाला यातलं काही करायची वेळ आलेली नाही. डब्यात घेऊन, मोजपट्टी लावून बाजूने आणि वरून असे दोन फोटो काढा, गाठीला देठ आहे का ते बघा, अमोनियाचा आकडा लिहा, आणि महिन्याने तेच पुन्हा करा. दोन्ही मापं पाहिल्यावर काढायची की नाही ते ठरवू.